निळ्या वहीतलं निरंक

नागपूरला गेले की लोक मला पहिला प्रश्न हाच विचारतात: तुम्हाला वाघाची भीती नाही वाटत का? मी वनरक्षक आहे. आलापल्लीकडच्या जंगलात माझी बीट, म्हणजे गस्तीचा भाग आहे आणि नोकरीला अकरा वर्षं झाली. वाघाची भीती वाटते की, न वाटायला काय झालं? पण ती भीती सरळ असते. ठसा ताजा दिसला की वाट बदलायची, बस. मी जिच्याबद्दल लिहायला बसले आहे ती भीती वाट बदलून चुकवता येत नव्हती. ती माझ्याच बुटांत पाय घालून चालायची.

नैराश्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे, जावं की जाऊ नये, अशा विचारात कुणी बसलं असेल, त्याच्यासाठी हे आहे. जा म्हणून सांगणार नाही आणि जाऊ नका म्हणूनही नाही. मी तिथे जाऊन एक घोडचूक केली, ती तुम्ही करू नका, एवढंच. आई म्हणते, ‘घरातलं असं चव्हाट्यावर काऊन मांडतं वं?’ तिला आधी वाचून दाखवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे ती गप्प बसली.

सीमेचा खांब

कारण विचारू नका. कारणं सांगणारे खूप भेटले. मूल नाही म्हणून, जंगलात एकटी फिरते म्हणून, कुणीतरी काहीतरी केलं म्हणून. मला विचाराल तर एका हिवाळ्यात आतला दिवा कुणीतरी बारीक करत नेला, एवढंच कळलं. भाजीत मीठ टाकलं की नाही हे आठवेना म्हणून मी चुलीपुढे बसून रडले. मग मीठ टाकलेलं आहे हे कळलं, म्हणून पुन्हा रडले.

माझ्यासोबत गस्तीला लालसूभाऊ असतात. वनमजूर आहेत, माडिया, वयानं माझ्या वडिलांएवढे. लिहिता-वाचता येत नाही, पण माती वाचतात. त्या दिवशी मी सीमेच्या खांबापाशी पाणी प्यायला टेकले. थोड्या वेळानं ते समोर येऊन उभे राहिले.

“बाई, ऊन डोक्यावर आलं. तुमी सकाळपासून इथीच बसून आहा.”

मला वाटलं होतं, पाच मिनिटं झाली असतील. मी घड्याळ पाहिलं. तीन तास कुठे गेले ते मला आजही सांगता येत नाही.

माझा नवरा प्रमोद एसटीत कंडक्टर आहे. पुढच्याच सुट्टीच्या दिवशी तो मला चंद्रपूरला घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे. झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग म्हणाले, “आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं का?” प्रमोद हसला. त्याला वाटलं, डॉक्टर गंमत करून राहिले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे घाबरले. आजाराचं नाव डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण माझ्या लेखी निदान झालं ते तेव्हाच.

येताना गोंडपिपरीला आईकडे उतरलो. आई ऐकून घेत होती, हातात सूप तसंच धरलेलं.

“तुले नोकरी आहे, नवरा चांगला आहे, अंगावर वर्दी आहे. तुले कायचं डिप्रेशन वं?”

“मलेच मालूम असतं तर दवाखान्यात कायले गेली असती?” मी म्हटलं, आणि आवाज चढला. रविवारी ती मला विहारात घेऊन गेली. वंदना होईपर्यंत खरंच बरं वाटलं. चपला घालायला बाहेर आले तर ते सगळं पायरीवर वाट पाहत बसलेलं होतं.

मनोऱ्यावरचं नेटवर्क

आठ महिन्यांत दोन औषधं झाली. पहिल्यानं तोंडाला कोरड पडायची, दुसऱ्यानं झोप यायची, आणि मधलं जे काळं होतं ते तसंच राहिलं. पुष्कळांना याच गोळ्यांनी बरं वाटतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि नंतर मी स्वतः पाहिलंही. मला नाही वाटलं. तेव्हा ते म्हणाले, ज्यांना दोन औषधांनी फरक पडत नाही अशांसाठी नागपूरला एक अभ्यास सुरू आहे, बघा चौकशी करून. सरकारी नोंदवहीत प्रत्येक चाचणीची नोंद असते, मोबाइलवर दिसते, तिथे नसेल तर जाऊ नका.

आमच्या क्वार्टरला नेटवर्क नाही. बीटमध्ये ते एकाच ठिकाणी मिळतं, निरीक्षण मनोऱ्यावर, अगदी वरच्या मजल्यावर. आणि नेमकी तीच जागा मी महिनाभर टाळत होते. तिथे वाऱ्यात उभं राहिलं की मला स्वतःचा भरवसा वाटायचा नाही. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. म्हणून खाली बसून झाडाची पानं मोजायचे आणि ठरवायचे, आज चढते. तिसऱ्या दिवशी चढले. कठड्यापासून लांब, मधोमध मांडी घालून बसले आणि एका हातानं लोखंडी खांब धरून दुसऱ्या हातानं चाचणी शोधली. अर्धं कळलं नाही. कुणाला घेतात आणि कुणाला घेत नाहीत, याची लांबलचक यादी होती. शेवटी एक नंबर होता.

फोन तबस्सुम मॅडमनी उचलला. अभ्यासाचं सगळं त्या बघतात. डॉक्टर नव्हेत, पण माझ्यासाठी डॉक्टरांच्या वर. त्यांनी बरंच विचारलं. मरणाचे विचार येतात का, हेही विचारलं. मी म्हटलं, कधी कधी. तेव्हा ते खरंच कधी कधीच होतं.

अर्धं वाक्य

संमतीच्या दिवशी आम्ही नागपूरला पोचलो तेव्हा प्रमोदचा चेहरा उतरलेला होता. आदल्या दिवशी आईनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. ‘आपल्याच पोरीवर प्रयोग करून राह्यले अन् तू तिले घेऊन जातं? उंदीर आहे का थे?’ त्यालाही तसंच वाटत होतं.

कागद अठरा पानांचे होते, मराठीत. तबस्सुम मॅडम एकेक पान वाचून थांबायच्या आणि म्हणायच्या, “आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?” मी शाळेत उभी असल्यासारखी सांगायचे. निम्म्या लोकांना नवीन औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. कधीही, कारण न सांगता सोडून जाता येतं, आणि सोडलं म्हणून पुढचे उपचार बंद होत नाहीत.

“आणि हिले खाली गोळी भेटली तर?” प्रमोदनं विचारलं.

“तर तेही आम्हाला कळणार नाही, भाऊ. म्हणूनच दर पंधरा दिवसांनी बोलावतो आणि रोजची वही देतो. बिघडतंय असं दिसलं तर वाट बघत बसत नाही आम्ही.”

त्या कागदांत एक वाक्य होतं. तुमच्या सुरक्षिततेसाठी गरज वाटल्यास तुम्हाला अभ्यासातून बाहेर काढून योग्य ते उपचार दिले जातील. मी ते मोठ्यानं वाचलं, समजलं म्हणून सांगितलं, सही केली. पण डोक्यात राहिलं ते फक्त ‘बाहेर काढून’. पुढचं अर्धं वाक्य बसमध्ये आलापल्लीपर्यंत पोचलंच नाही. दोन औषधं झालेली, ही तिसरी आणि शेवटची वाट, इथून काढलं तर मी संपले, असं मी खिडकीला डोकं टेकून ठरवून टाकलं. कुणी तसं म्हटलं नव्हतं.

शनिवारची सवय

आता माझी चूक. ती समजायला आमची बीट डायरी समजली पाहिजे. रोज कुठे फिरलो, काय दिसलं, ते तिच्यात लिहायचं. अवैध तोड, शिकार, वणवा, अतिक्रमण, असे रकाने असतात. काही नसलं की लिहायचं ‘निरंक’. रोज लिहायची ती डायरी मी शनिवारी बसून आठवड्याची एकदम लिहायचे. आणि रकान्यात निरंक लिहिलं की झोप चांगली लागते, हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षीच समजलं होतं. गुन्हा लिहिला की पहिला प्रश्न लिहिणाऱ्यालाच येतो: तुम्ही कुठे होता? मला हे कुणी शिकवलं नाही, उगाच दुसऱ्यावर ढकलत नाही. मीच शिकले.

तबस्सुम मॅडमनी दिलेली वही निळी होती, खिशात मावेल एवढी. रोज संध्याकाळी पाच प्रश्न, प्रत्येकापुढे शून्य ते तीन. झोप, भूक, काम, माणसांशी बोलणं. पाचवा प्रश्न मरणाच्या विचारांचा. पहिल्या भेटीला मी पाचव्या प्रश्नापुढे ‘निरंक’ लिहून गेले. मॅडम हसल्या. “ताई, इथे आकडा लिहायचा.” मग मी आकडा लिहायला लागले. शून्य. शनिवारी, आठवड्याचे एकदम, सात शून्य.

पहिले काही दिवस ते निदान खऱ्याच्या आसपास होतं. चौथ्या आठवड्यापासून नव्हतं. विचार कधी कधी यायचे ते रोज यायला लागले, मग दिवसातून किती वेळा ते मोजणं सोडून दिलं. मला सगळ्याची भीती वाटायला लागली. विहिरीची, विळ्याची, प्रमोद ड्यूटीवर जाताना दार ओढून घ्यायचा त्या आवाजाची. जंगलात मी लालसूभाऊंच्या मागे अगदी पाठीला चिकटून चालायचे. पूर्वी पुढे चालायचे. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि चाल हळू केली. हातातली काठीही त्यांनी मला दिली.

आणि शनिवारी मी लिहायचे, शून्य. नागपूरला डॉक्टर विचारायचे, “कसं वाटतंय?” मी म्हणायचे, “ठीक आहे सर.” गोळ्या बरोबर घेत होते, रिकामी बाटली न चुकता परत करत होते. माझ्यासारखी शिस्तीची पेशंट नाही, असं त्या खोलीत सगळ्यांना वाटत असेल. मरणाची भीती वाटत होती आणि बाहेर काढतील याचीही वाटत होती. दोन्हींत दुसरी मोठी झाली होती, यावरून माझं डोकं कुठे पोचलं होतं ते समजा.

थुट

सहाव्या आठवड्यातला शनिवार. आम्ही नाल्याच्या अंगानं चाललो होतो. मनोरा तिथून हाकेच्या अंतरावर. मी एका दगडावर बसून बीट डायरी काढली. म्हटलं, आठवडा इथेच लिहून टाकते. लालसूभाऊ पाणी पीत होते.

“काय लिहून राह्यल्या बाई?”

“काय लिहिणार, भाऊ. निरंक.”

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. माझ्या खांद्यावरून नाल्याच्या पलीकडे बोट केलं. सागाचं थुट होतं. म्हणजे झाड कापून नेल्यावर उरतो तो बुंधा. ताजं, कापाचा रंग अजून पिवळा, भुसा ओला. मी त्याच्याकडे तोंड करूनच बसले होते.

“मंग थे काय हाय?”

मी म्हटलं, दिसलं नाही. ते म्हणाले, “दिसलं. तुमी पायलं त्याच्याकडे. मंग लिवलं.” रागानं नाही, ठसा दाखवताना बोलतात तसं. मग माझ्या बाजूला उकिडवे बसले.

“बाई, मले लिवता येत नाई. पन मी तीन म्हैन्यापासून तुमाले पाहून राह्यलो. तुमी हासता तई बी डोये मेल्यावानी असते. कोनाले सांगतलं का नाई?”

त्यांना उत्तर नकोच होतं. त्यांनी हातोडा काढून दिला. थुटावर हातोड्याचा शिक्का मारायचा, घेर मोजायचा, नोंद करायची, अशी पद्धत आहे. मी शिक्का मारला, घेर मोजला आणि निरंक लिहिलं होतं त्यावर एक रेघ ओढून बाजूला खरं लिहिलं. मग त्याच दगडावर बसून खिशातली निळी वही काढली. त्या दिवसाच्या पाचव्या प्रश्नापुढे लिहिलं, तीन. तो आकडा कागदावर दिसला आणि मला हुंदका फुटला. लालसूभाऊ नाल्याकडे बघत बसून राहिले.

“फोन करा लागते मले,” मी म्हटलं. “मनोऱ्यावर. पन वर मले भेव लागते, भाऊ.”

“चाला मंग,” ते म्हणाले. “मी आहो ना.”

गुडघे दुखतात म्हणून ते कधी मनोरा चढत नाहीत. त्या दिवशी चढले. वर गेल्यावर त्यांनी माझ्या वर्दीची बाही मुठीत धरली ती सोडलीच नाही. फोन लागला. मी म्हटलं, “मॅडम, मी वहीत खोटं लिहिलं. सगळं खोटं लिहिलं.” त्यांनी का, कशाला, काही विचारलं नाही.

“आत्ता कुठे आहात?”

“मनोऱ्यावर.”

“सोबत कोण आहे?”

“लालसूभाऊ.”

“त्यांच्याकडे फोन द्या.”

लालसूभाऊंनी फोन दोन्ही हातांनी धरायचं पाहिलं, पण एका हातात माझी बाही होती. “हो,” ते म्हणाले. “हो. नाई सोडत. खाली घेऊन जातो. तिचा मानूस येयेपर्यंत नाई सोडत.” मॅडमनी फोन केला तसा प्रमोद अर्ध्या रूटवरून ड्यूटी सोडून आला. तोवर आम्ही क्वार्टरच्या पायरीवर बसलो होतो, आणि बाही मुठीतच होती.

बारा दिवस

मला नागपूरच्या दवाखान्यात दाखल केलं. माझ्या ओढणीची, बुटांच्या नाड्यांची, गोळ्यांची, सगळ्याची यादी करून ते काढून घेतलं. वर्दीतली बाई मी, लोकांचं सामान जप्त करणारी, आणि माझं सामान कुणीतरी जप्त करत होतं. दार बाहेरून बंद झालं तेव्हा वाटलं, आता इथून मला कुणी सोडत नाही. पहिले दोन दिवस मी पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसून होते. एक मावशी फरशी पुसायला यायच्या. त्या रोज माझ्या पलंगाखालून पुसताना म्हणायच्या, “पाय वर घे माय.” बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी म्हणायच्या आधीच मी पाय वर घेतले. एवढ्यानं मला बरं वाटलं होतं, हसा हवं तर.

डॉक्टर म्हणाले, “अभ्यास इथे थांबला. उपचार थांबला नाही.” ते उरलेलं अर्धं वाक्य होतं. दुसरे उपचार सुरू झाले. ते काय होते ते लिहीत नाही, कारण मला लागू पडले म्हणून तुम्हाला पडतील असं नाही. नवव्या दिवशी आईनं डब्यात आणलेलं वरण मला आळणी लागलं आणि मी तसं बोलून दाखवलं. आई रडायला लागली. कितीतरी महिन्यांत मी कशाला चव आहे की नाही हे सांगितलं नव्हतं.

उपचार ठरवायला गरज होती म्हणून डॉक्टरांनी मला कोणती गोळी आहे ते लिहिलेलं बंद पाकीट उघडून पाहिलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं. मला रिकामी गोळी नव्हती. खरं औषध होतं.

“म्हणजे त्यानंच मला असं झालं?”

“माहीत नाही. औषधानं झालं असेल, आजारानं झालं असेल. एका माणसावरून सांगता येत नाही. म्हणूनच सगळ्यांच्या वह्या लागतात.” मग म्हणाले, “तुमच्या वहीप्रमाणे हे औषध घेणाऱ्या एका बाईला पाच आठवडे काहीही झालं नाही.”

त्यांनी मला दोष दिला नाही. पण मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या गार पडले. एटापल्लीची कुणी, सिरोंच्याची कुणी, माझ्यासारखीच, उद्या हे औषध घेईल. तिला विचार यायला लागतील. ती सांगेल, आणि तिला म्हणतील, नाही हो, या औषधानं असं झाल्याची नोंद नाही. नोंद नाही, कारण मी शनिवारी बसून शून्य लिहिलं. मला वाटत होतं, मी फक्त माझ्या जिवाशी खेळत होते.

एक रेघ

तबस्सुम मॅडमनी निळी वही माझ्यापुढे ठेवली. “खोडायचं नाही. पान फाडायचं नाही. एक रेघ मारा, बाजूला खरं लिहा, सही, आजची तारीख.” मी म्हटलं, आमच्या डायरीतही असंच असतं. त्या म्हणाल्या, “मग तुम्हाला येतं.” ते दुपारभर चाललं. जे आठवत होतं ते लिहिलं. जे आठवत नव्हतं तिथे ‘आठवत नाही’ लिहिलं, आणि तसं लिहायला सगळ्यात जड गेलं. प्रमोद बाजूला बसून होता. तो पानं बघत नव्हता. पण दोन आणि तीन उमटत होते हे त्याला कळत होतं, कारण त्यानं माझा डावा हात धरला होता आणि दर वेळी त्याची पकड घट्ट व्हायची.

थुटाची चौकशी झाली. तीनदा आलापल्लीला जावं लागलं, लेखी खुलासा द्यावा लागला. नोकरी गेली नाही. ज्या भीतीपायी मी इतकी वर्षं निरंक लिहिलं, ती तीन फेऱ्यांची निघाली.

तुम्ही जाणार असाल तर कागद शेवटपर्यंत वाचा आणि वाक्यं अर्धी तोडू नका. वही रोज लिहा, आणि मनात जे आहे तेच लिहा. लाज वाटेल, भीती वाटेल, तरी लिहा. सोबत एक माणूस असा ठेवा, जो तुमच्याकडे बघतो.

मी बरी आहे, पण पूर्ण नाही. भीती अजून येते, विशेषतः दुपारी, ऊन स्थिर झालं की. दर आठवड्याला तबस्सुम मॅडमना फोन असतो. अभ्यासात नाही तरी चौकशी चालू राहते. त्यासाठी मनोरा चढावा लागतो. पायथ्याशी लालसूभाऊ थांबतात आणि विचारतात, “आज किती?” आमचं ठरलेलं आहे. शून्य किंवा एक असलं तर मी एकटी वर जाते. तीन असलं तर चढायचंच नाही, सरळ आलापल्लीला जाऊन प्रमोदला बोलवायचं.

परवा त्यांनी विचारलं. माझ्या तोंडात शून्य आलं होतं. जुनी सवय, सहज येतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, “दोन.”

लालसूभाऊंनी काठी झाडाला टेकवली, गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्या आधी पहिली पायरी चढले.